सशाचं शिंग, उंबराचं फूल आणि तिसरी एक गोष्ट

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसूच नये! माझाही बसला नसता, पण मी तिथं हजर होतो, त्यामुळं माझा नाइलाज आहे.

माणसं ज्या गोष्टींचं नाव काढलं की 'छे छे, हे होणे नाही' म्हणून हात झटकतात, तसल्या तीन गोष्टी मी या दोन डोळ्यांनी बघितल्यात. सशाचं शिंग बघितलंय. उंबराचं फूल बघितलंय. आणि तिसरी गोष्ट तर अशी आहे, की तिच्यापुढं पहिल्या दोन म्हणजे बाजारातली वांगी! पण ती शेवटी सांगेन. आधी सांगितली तर तुम्ही पुढचं वाचायचंच सोडाल.

मी हंबीरराव. बावीस वर्षं पलटणीत काढली, हवालदार होऊन पेन्शनीत आलो. कडेगावपासून चार मैलांवर आमचं गाव. लिहिण्याची सवय बराकीतली. निम्म्या जवानांची घरची पत्रं मीच लिहायचो. ती इतकी गोड असायची, की जवान रजेवर घरी गेला की बायको त्याला आपादमस्तक न्याहाळून विचारायची, "ती पत्रं लिवणारं तुमीच का?" लिहिलेलं मोठ्यानं वाचून बघायची खोडही तिथलीच. आत्ताही वाचतोय. समोर सोप्यात आमची मंडळी, अंबूबाई, तांदूळ निवडत बसलीय. तिला वाचता येत नाही. ऐकू मात्र सगळं येतं.

तर ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. माझा दोन एकर ऊस तोडीला आला होता. ऊस म्हणजे कसा? आमचं कुत्रं आत शिरलं ते तीन दिवसांनी बाहेर आलं, तेही शेजारच्या गावच्या हद्दीत! कारखान्याची तोडीची चिठ्ठी हातात पडली. आठ दिवसांनी कोयते लागणार, बैलगाड्या येणार. सगळं झकास. अडचण एकच. माझ्या फडातून सडकेवर जायला वाट नाही. वाट जाते रामगोंडाच्या रानातून.

रामगोंडा पाटील आमचा बांधाला बांध लावून शेजारी. जैन माणूस. सरळ, कष्टाळू, दिवस मावळायच्या आत जेवून मोकळा होणारा. आमच्यात कधी वाकडं नव्हतं. पण गेल्या साली मी त्याला म्हणालो होतो, "कडंकडंनं चार गाड्या जातील रं." प्रत्यक्षात एकोणचाळीस गेल्या. अंदाजात माणूस चुकतो! त्यातल्या निम्म्या अंधार पडल्यावर गेल्या, आणि अंधारात बैलांना वाट कुठली आणि रामगोंडाची हळद कुठली हे कळेना. हळदीच्या दोन सऱ्या भुईसपाट. रामगोंडा तेव्हापासून माझ्याकडं बघायचा ते माझ्या पलीकडचं झाड बघितल्यासारखा.

यंदा वाट मागायची कशी, या विचारात चार दिवस गेले. शेवटी मी डाव टाकला. त्याला घरी गाठायचा नाही, पिठाच्या गिरणीत गाठायचा. चारचौघांत 'नाही' म्हणायला माणूस लाजतो! रामगोंडा जोंधळं घेऊन उभा होता. बाजूला गुंडा होता. गुंडा म्हणजे ऊस वाहणाऱ्या गाड्यांचा मुकादम, त्याच्याच गाड्या माझ्याकडं यायच्या होत्या. मी इंजिन बंद व्हायची वाट बघितली. ते थांबलं तसा खणखणीत आवाजात म्हणालो, "रामगोंडा, गड्या, यंदा बी वाट लागंल बरं का."

"न्हाई."

"आरं, चारच गाड्या..."

'चार' म्हणताच अख्खी गिरणी हसली. गिरणीवाला हसला. रांगेतली म्हातारी हसली. रामगोंडाच्या तोंडावर पीठ उडालेलं होतं, तरी त्या पांढऱ्याखालून तो लाल झालेला मला दिसला.

"वाट पायजे तुला?" तो ओरडला. "उंबराचं फूल दाखव! न्हाईतर सशाचं शिंग आण! मग न्हे गाड्या!"

आता हे ऐकून कुठलाही शहाणा माणूस दळण उचलून घरी गेला असता. पण मी पडलो पलटणीतला. आमच्यात हुकमाचा अर्थ विचारत नसतात. नग किती आणि मुदत कधीची, एवढंच विचारतात.

"दोनी आणायचं का कुठलं बी एक?" मी विचारलं.

रामगोंडा गडबडला. "कुठलं बी एक!"

"मुदत?"

"तोडीपतोर!"

"साक्षीदार?"

"मी हाय की!" गुंडा म्हणाला. त्याला लय मजा वाटत होती.

घरी येऊन मी अंबूबाईला बातमी दिली. तिनं भाकरी थापायची थांबवली.

"आवं, त्यानं तुमास्नी न्हाई म्हणून सांगितलं!"

"न्हाई म्हणायचं असतं तर 'न्हाई' म्हणाला असता."

"म्हणाला की आदी!"

"ते आदीचं झालं. नंतरचा हुकूम ताजा असतो."

"उंबराला कुटं फूल असतंय व्हय? सशाला कुटं शिंग असतंय?"

"नसतंय तर त्याला नाव कसं पडलं?" मी म्हणालो. "नाव ठेवायला आदी पोरगं लागतंय का न्हाई?"

यावर ती भाकरी तव्यावर टाकत म्हणाली, "तुमी सशाचं शिंग आणाल, उंबराचं फूल आणाल, आकाशाला गवसणी बी घालाल. पर ज्या दिशी ह्या घरात केरसुणी हातात धरशिला, त्या दिशी मी म्हणीन काय तरी झालं!"

तिकडं मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी एस.टी. धरून थेट सातारा गाठला.

साताऱ्यात माझा जोडीदार भाऊसो राहतो. सुभेदार होऊन निवृत्त झाला, आता पांढरे ससे पाळतो. मला वाटलं, निम्मं काम इथंच झालं! पण भाऊसो शिस्तीचा माणूस. म्हणाला, "आदी माहिती, मग चढाई," आणि मला शेजारच्या घरात घेऊन गेला. तिथं संस्कृतचे एक निवृत्त मास्तर राहात. मी नुसता सशाच्या शिंगाचा विषय काढला आणि मास्तर आरामखुर्चीतून असे उठले, जणू त्यांना कुणी वीस वर्षांनी चहा विचारला.

"शशशृंग! वा! अहो, तर्कशास्त्रातलं नामांकित उदाहरण. ससा जगात आहे. शिंगही जगात आहे. पण सशाचं शिंग? त्याचा अत्यंत अभाव!"

"अभाव म्हंजे टंचाई?" मी विचारलं. "बाहत्तर साली तर सगळ्याचीच हुती."

"टंचाई नव्हे! टंचाईत वस्तू असते, कमी असते. हे नाहीच!"

"कंट्रोलच्या दुकानात बी?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "हे पाहा, वांझेचा मुलगा, आकाशातलं फूल, कासवाचे केस, ही सगळी एका पंगतीतली मंडळी. बोलता येतात, दाखवता येत नाहीत. जुन्या पंडितांनी वाद घालताना हे नमुने वापरले, आणि तिथून ते लोकांच्या तोंडी उतरले."

"आन आकाशाला गवसणी?"

"गवसणी म्हणजे खोळ. मिरजेला तंबोऱ्यावर घालतात ना, ती. आता आकाशाला माप घेऊन खोळ कोण शिवणार?"

"आमचा पलटणीतला शिंपी," मी म्हणालो. "ब्रह्मदेशात पावसानं तंबू गळाया लागला. हा आपला अंधारात ठिगळ लावत बसला, तर दोन टाकं चुकून आभाळालाच पडलं! सकाळी तंबू उतरवाया गेलो, तर आभाळ संगंच खाली याया लागलं. आमी सात जणांनी वर ढकलून धरलं, तवा कुटं टाकं उसवलं."

मास्तरांनी चष्मा पुन्हा काढला. भाऊसोनं माझा पाय दाबला. मी पटकन उंबराकडं वळलो.

"उंबराचं फूल या पंगतीत बसवू नका," मास्तर म्हणाले. "क्वचित येणाऱ्या पाहुण्याला आपण म्हणतो, 'काय हो, उंबराचं फूल झालात!' लोक समजतात, ते मध्यरात्री फुलतं आणि बघणाऱ्याचं नशीब उघडतं. तसं काही नाही. ते असतं. पण आत असतं, बाहेरून दिसत नाही, इतकंच."

मी पलटणीच्या शिरस्त्यानं मोजकी नोंद केली. एस.टी.च्या तिकिटामागं लिहिलं: '१ – नाहीच. २ – आहे, पण आत.' मास्तरांना कडक सलाम ठोकला आणि बाहेर पडलो.

आता इथं एक बारीकशी चूक झाली. एवढीशी. मास्तरांना मी आधी ससा विचारला होता आणि मग उंबर. पण रामगोंडाचा हुकूम होता आधी उंबर आणि मग ससा! मी हुकमाच्या क्रमानं तिकीट वाचलं. निकाल असा लागला: एक, उंबराचं फूल, ते नाहीच. दोन, सशाचं शिंग, ते आहे, पण आत!

"भाऊसो," मी म्हणालो, "एक ससा दे."

"शिजवाया?"

"तपासाया."

भाऊसोनं पिंजऱ्यातला सगळ्यात गुबगुबीत ससा माझ्या मांडीवर ठेवला. मी अंगठ्यानं त्याचं कपाळ चाचपलं. दोन्ही कानांच्या मधोमध टणक लागलं!

"हाय! आत हाय! हात लावून बघ!"

"ते हाड हाय," भाऊसो म्हणाला.

"मास्तर म्हणालं, आत असतंय. आता भायेर कसं काढायचं ते सांग."

भाऊसोनं मिशीवरून हात फिरवला. सुभेदार उगाच होत नाही माणूस! म्हणाला, "आतलं भायेर येत नसंल, तर भायेरचं भायेरच लावायचं." त्यानं खिशातून तपकिरीची डबी काढली. डबी म्हणजे शेळीच्या करडाचं बोटभर शिंग, आत पोखरलेलं. सायकलचं पंक्चर काढायचं सोल्यूशन आणलं. पाच मिनिटांत शिंग कपाळावर! ससा असा छाती काढून बसला, की नुकताच कमिशन मिळालेला लेफ्टनंट वाटावा. फक्त शिंगात थोडी तपकीर राहिली होती, त्यामुळं लेफ्टनंट सारखा शिंकत होता.

मी त्याला पिशवीत घालून गाडीत बसलो. कंडक्टर आला. पिशवीतून डोकं वर.

"ह्ये काय?"

"ससा."

"शिंग हाय त्याला!"

"व्हय."

"मग ससा कसा?"

"शिंगाचा ससा."

कंडक्टरनं टोपी काढून डोकं खाजवलं. "सशाचं मला ठावं न्हाई. पर शिंग आलं म्हंजे शेळीत धरायचं," असं म्हणून त्यानं टरकन तिकीट फाडून दिलं. अजून ट्रंकेत आहे!

कऱ्हाडपर्यंत ठीक चाललं. कऱ्हाडला पुढच्या बाकावर बनाबाई नावाची एक म्हातारी येऊन बसली. नाव कसं कळलं? तिनं स्वतःच सांगितलं, सशाला! ससा शिंकला, म्हातारीनं मागं वळून बघितलं आणि किंचाळली. मग दोन्ही हात जोडले. "देवा, मी बनाबाई! सून नांदाया येऊ दे रं बाबा!" तिनं कनवटीचं कुंकू सशाला लावलं. शेजारणीनं हळद लावली. मागून कुणीतरी नारळ पुढं सरकवला. ड्रायव्हरनं गाडी कडेला उभी करून दर्शन घेतलं. मी घसा फोडून सांगत होतो, "देव न्हवं, ससा हाय, वाटंसाठी चालवलाय!" त्याचाही त्यांनी वेगळाच अर्थ घेतला. कडेगावच्या स्टँडवर उतरलो तेव्हा ससा कपाळापासून कमरेपर्यंत पिवळा आणि तांबडा झाला होता. मूळचा पांढरा रंग राहिला होता शेपटीपुरता!

तशा अवतारात मी त्याला रामगोंडाच्या कट्ट्यावर ठेवला.

रामगोंडानं बघितलं. जवळ आला. लांब गेला. परत जवळ आला. हळूच शिंग ओढून बघितलं. निघेना! सोल्यूशन सुभेदाराच्या घरचं होतं.

"ह्ये... ह्ये खरं हाय?"

"साताऱ्याच्या मास्तरांनी सांगितलंय," मी छातीठोकपणे म्हणालो. "असतंय, पर आत असतंय. ह्येचं जरा भायेर आलंय, इतकंच."

रामगोंडा पायरीवर मटकन बसला. त्याची बिचाऱ्याची मती गुंग झाली. इतक्या वर्षांचं त्याचं जग एका सशानं उलटंपालटं केलं होतं. "म्हंजे मग... वाट..." असं म्हणत त्यानं रानाच्या दिशेनं हात उचललासुद्धा! एवढ्यात आतून त्याची आई आली.

चंदनबाला आक्का. वय ऐंशी. समईतल्या वातीसारखी बारीक, आणि तशीच पोळणारी. ती सशाजवळ वाकली आणि नाक उडवून म्हणाली, "हंबीर, ह्येच्या डोस्क्याला सायकलीचा वास का रं येतोय?"

पुढचं काय सांगू! आक्का तासभर खोबरेल तेल लावत बसली. शिंग सुटलं, ससा शेवटचं शिंकला आणि तिच्या मांडीवर झोपला. "मुक्या जिवाच्या कपाळाला डबी चिकटवतोस? लाज न्हाई वाटली?" तिनं शिंग माझ्या हातात दिलं. ससा दिला नाही. "ह्यो हितंच ऱ्हाईल. तू जा."

आता उरले दोन दिवस. संध्याकाळी गुंडा दारात येऊन उभा राहिला. या खेपेला हसत नव्हता.

"हवालदार, वाट ठरली का?"

"ठरतीया."

"परवा सकाळी कोयतं लागणार. वाट नसंल तर माझ्या गाड्या फुडच्या गावाला चालल्या. मग तुमची पाळी महिन्यानं. तवर उसाचं चिपाड हुईल, सांगून ठेवतो."

तो गेला आणि मी फडाच्या कडेला जाऊन उभा राहिलो. उसाला तुरे आले होते. वर्षभर पाणी पाजलेला, पाचट काढलेला, पोटच्या पोरासारखा वाढवलेला ऊस! मला उगाच वाटलं, तो तुरे हलवून विचारतोय, 'काय हवालदार, नेताय ना?' रुमालासाठी खिशात हात घातला, तर हातात तिकीट आलं.

'१ – नाहीच. २ – आहे, पण आत.'

आणि डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. अरे, साताऱ्यात आपण आधी काय विचारलं? ससा! मग दोन नंबर कोण? उंबर!!

माझ्या विहिरीवरच उंबर आहे. धावत गेलो, खालचंच एक फळ उचललं आणि फोडलं. चिलटं उडाली. ती काय, नेहमीचीच. लहानपणी आम्ही फुंकर मारून चिलटं उडवायचो आणि उंबर गट्ट करायचो. पण यावेळी मी खाल्लं नाही, बघितलं. आत नाजूक, मोहरीपेक्षाही बारीक फुलं, खेटून खेटून उभी! एक नव्हे, दोन नव्हे, पलटणच्या पलटण परेडला उभी! म्हणजे आम्ही लहानपणापासून पसापसा फुलं खात आलो होतो, आणि तोंड पुसून वर म्हणत होतो, उंबराचं फूल कुणी बघितलंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलटणीतली टोपी चढवली, मेडलं लावली, पितळी ताटात चांगली पिकलेली पाच उंबरं ठेवली, वर रुमाल झाकला आणि गुंडाला घेऊन रामगोंडाच्या दारात हजर झालो. मागं निम्मी गिरणी! रामगोंडा बाहेर आला. मांडीवर ससा घेऊन आक्का कट्ट्यावर बसली होती.

"रामगोंडा पाटील!" मी ओरडलो. "हुकमापरमाणं नग एक, उंबराचं फूल! बघून घ्या!"

आणि फाटदिशी उंबर फोडलं.

वाचकहो, पिकलेल्या उंबरात किती चिलटं मावतात याचा तुम्हाला अंदाज नाही. अंगणात ढगच उठला! एक चिलट रामगोंडाच्या नाकात गेलं, चार ताटात मेली, दोन माझ्या मेडलाला चिकटली. रामगोंडानं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"आरं, काय केलंस ह्ये! जैनाच्या दारात उंबर फोडलास? आमी ज्येला हात लावत न्हाई, ते दारात?"

जैन माणूस उंबर खात नाही हे मला चाळीस वर्षं माहीत होतं. का खात नाही, हे एकदाही विचारलं नव्हतं. मला आपलं वाटायचं, आवडत नसेल!

सशाचा गुन्हा आधीच नावावर होता, त्यात हा. मी मनातल्या मनात उसाला शेवटचा सलाम ठोकला. आणि आक्का उठली. ससा खाली ठेवला. काठी टेकत आली आणि ताटात वाकून बघितलं.

"रामगोंडा, काय दिसतंय तुला ह्यात?"

"किडं."

"आनि?"

रामगोंडा वाकला. बराच वेळ वाकून राहिला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "...फुलं."

"आपुन उंबर का खात न्हाई?"

"आत जीव असत्यात म्हणून."

"आन जीव आत कशाला जात्यात? हुतूतू खेळाया? फुलावरच जात्यात न्हवं! उंबर रिकामं नसतंय, ते मी सून हून आले तवापसनं ह्या घरात सांगतीया. आन तू भरल्या गिरणीत सांगतोस, फूल न्हाई?"

"आक्का, ती आपली बोलायची रीत असती..."

"शब्द दिलास का न्हाई?"

"दिलाय!" मागून गुंडा ओरडला. "कुटलं बी एक! मी साक्षीदार!"

"मग आपल्यात खोटं बोलत न्हाईत," आक्का म्हणाली. "वाट दे."

मी मिशीला पीळ भरला. एकच भरला. दुसरा भरायच्या आत काठीचं टोक माझ्याकडं वळलं.

"आन तू, हंबीर! तुझं बी हाय. गाड्या दिवसाउजेडी जातील. हळदीला चाक लागायचं न्हाई. आन हरेक गाडीच्या म्होरं वाट झाडायची, किडामुंगी चाकाखाली याया नगं. आमचं मुनी महाराज मोरपिसांच्या पिंछीनं जागा झाडून पाऊल टाकत्यात. तुला केरसुणी चालंल."

"आक्का, झाडाया एखादा गडी..."

"गडी न्हाई! ज्येनं जीव मारलं, त्येनंच झाडायचं."

रामगोंडा वर्षभरात पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसला. नाकातलं चिलट शिंकरून हसला! "हंबीर आन केरसुणी? आक्का, तू तर सशाच्या शिंगाच्या बी फुडं गेलीस की!"

तर वाचकहो, ही ती तिसरी गोष्ट. या हंबीररावानं, ज्याच्या हाताला रायफलीशिवाय काही माहीत नव्हतं, त्यानं केरसुणी धरली! दोन फर्लांग वाट. सात दिवस. सकाळी पहिल्या गाडीपासून दिवस मावळेपर्यंत. पुढं मी, मागं बैल. मी असा झाडायचो, की बैल पाऊल टाकायच्या आधी खूर पुसून घ्यायचे! एक मुंगी चाकाखाली आली नाही. हळदीचं पान हललं नाही. शेवटच्या दिवशी तर मुंग्या रांगेनं उभ्या राहून मला सलामी द्यायला लागल्या.

आणि सांगायचं म्हणजे, त्या दिवसापासून आमच्या भागाच्या बोलीत एक नवा वाक्प्रचार आला: 'हवालदाराची केरसुणी'. अर्थ, अशक्य वाटणारी, पण प्रत्यक्ष घडलेली गोष्ट. उगम, वर दिल्याप्रमाणे. मी साताऱ्याच्या मास्तरांना तसं पत्रच घातलंय, की शशशृंगाच्या पंगतीत शेवटी का होईना, एक पाट आमचाही...

"थांबा!"

सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"सशाला शिंग हुतं म्हणालात, मी गप बसले," अंबूबाई म्हणाली. "शिंगाचं तिकीट फाडलं म्हणालात, मी गप बसले. आभाळाला टाकं घातलं, तरी बी गप बसले. पर केरसुणी? पयल्या गाडीम्होरं चार हात झाडलंत, ती बी उलटी धरून! आक्का जेवाया आत गेली तशी कंबर धरून माझ्या हातात दिलीत. सात दिस कुणी झाडलं? मी! आन तुमी उसावर बसून मला 'लेफ्ट राइट' सांगत हुता!"

"अगं, पण ते म्हणत्यात की, हवालदाराची केरसुणी..."

"म्हणत्यात! कवाच न हुणाऱ्या गोष्टीला म्हणत्यात! अर्थ तरी खरा लिवा!" ती उठून उभी राहिली. "झाडलं म्हणता ना? मग ह्या घरात केरसुणी कुटं असती, तेवढं सांगा."

मी चारी कोपऱ्यांवरून नजर फिरवली. मग मोठ्या आत्मविश्वासानं दाराआड टेकवलेल्या एका वस्तूकडं बोट दाखवलं.

"ती छत्री हाय," अंबूबाई म्हणाली.